क्लाउनफिशच्या वेगवेगळ्या जाती एका टाकीत: का नको, आणि कुठे चालू शकेल

प्रश्न थोडक्यात असा आहे: चार फुटांची खाऱ्या पाण्याची टाकी, तिच्यात सहा महिन्यांपासून ओसेलारिस या जातीच्या क्लाउनफिशची जोडी आणि उजव्या बाजूच्या दगडावर एक बबल टिप ॲनिमोन, म्हणजे डंखाऱ्या शुंडकांचा, दगडाला चिकटून राहणारा समुद्री प्राणी. गेल्या आठवड्यात क्लार्की या दुसऱ्या जातीच्या क्लाउनफिशचं एक पिल्लू आणून सोडलंय, ते अजून तरी गुण्यागोविंदाने राहतंय. आता मरून आणि टोमॅटो या आणखी दोन जातींचा एकेक क्लाउनफिश आणायचा विचार आहे, कारण दुकानदार म्हणतो, ‘सगळे निमोच आहेत, लहानपणी सोडले की जमवून घेतात.’

आधी थेट उत्तर देतो. मरून आणि टोमॅटो आणू नका. क्लार्कीचं पिल्लू आज शांत असलं तरी महिन्याभरात दुसरीकडे हलवा. तुमच्या आकाराच्या टाकीत क्लाउनफिशची एकच जोडी सुखाने राहते. हे नियम म्हणून पाठ करण्यापेक्षा त्यामागचं कारण समजून घेतलंत, तर पुढचे निर्णय तुमचे तुम्हालाच घेता येतील.

क्लाउनफिश डॅमसेलच्या कुळातला मासा आहे. ज्यांनी डॅमसेल पाळलेत त्यांना या कुळाचा जागेबद्दलचा हट्ट माहीत असतो. क्लाउनफिशमध्ये तो हट्ट आणखी टोकाला जातो, कारण त्याचं सगळं आयुष्य एका ॲनिमोनभोवती जातं. हा मासा पोहण्यात फार तरबेज नाही आणि रंगाने उठून दिसतो. ॲनिमोनच्या डंखाऱ्या शुंडकांबाहेर तो कुणाच्याही तोंडी लागू शकतो. ओसेलारिससारखी जात तर आपल्या ॲनिमोनपासून सहसा एखाद-दोन मीटरपलीकडे जातच नाही. तेव्हा दुसरा क्लाउनफिश जवळ आला की तो नुसता वाटेकरी नसतो, तो घर बळकावणारा असतो. मग तो दुसऱ्या जातीचा का असेना, त्यालाही हेच घर हवं असतं.

इथे पाण्याचं माप फसवतं. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी म्हणजे कागदावर 255 लिटर. दगड आणि वाळू वजा केली की दोनशेच्या आसपास उरतात. ‘एवढं पाणी आहे, चार मासे सहज मावतील’ हा हिशेब गाळणीच्या आणि स्किमरच्या (फेसावाटे घाण काढणाऱ्या यंत्राच्या) दृष्टीने बरोबर आहे. पण क्लाउनफिश लिटर मोजत नाही, अंतर मोजतो. त्या टाकीतला कुठलाही कोपरा तुमच्या ॲनिमोनपासून चार फुटांच्या आतच आहे. हरलेल्या माशाला समुद्रात पळून जाता येतं. तुमच्या टाकीत तो काचेपर्यंत जातो आणि तिथे अडकतो.

बरेच जण म्हणतात, मग ॲनिमोनच काढून टाकू. त्याने भांडण मिटत नाही. ॲनिमोन नसला तर ही मंडळी दुसरी जागा धरतात: युफिलियासारखं एखादं प्रवाळ, पॉवरहेडची (पाण्यात प्रवाह करणाऱ्या पंपाची) मागची बाजू, हीटरच्या शेजारचा कोपरा, कधी नुसती एक मडक्याची खापरी. जागा कुठलीही असो, एकदा धरली की ती राखण्याची ओढ तीच राहते.

दुसरं कारण आहे त्यांच्यातली उतरंड. क्लाउनफिश जन्मतः नरही नसतात आणि मादीही नसतात. एका ॲनिमोनमधल्या गटात सर्वांत मोठा मासा मादी असतो, त्याखालोखालचा प्रजननक्षम नर आणि बाकीचे बिनवाढीचे, वाट पाहणारे. मादी गेली की नराची मादी होते आणि खालच्यांपैकी सर्वांत मोठा नराच्या जागी येतो. हा प्रवास एकाच दिशेचा आहे, मादीचा पुन्हा नर होत नाही. संशोधक पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीमधल्या पर्क्युला या जातीच्या क्लाउनफिशवर केलेलं काम 2003 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात असं दिसलं की खालचा मासा आपली वाढच रोखून धरतो आणि वरच्यापेक्षा ठरावीक प्रमाणात लहान राहतो. तो तसा राहिला नाही, तर वरचा त्याला हाकलून लावतो. म्हणजे शांतता टिकते ती आकारातल्या फरकावर आणि खालच्याने ‘मी तुझी जागा मागत नाही’ हे सतत सांगत राहण्यावर.

हे सांगणं तुम्ही रोज पाहत असाल. तुमची मादी जवळ आली की नर एका कुशीवर किंचित कलतो आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत थरथरतो. क्षणभरच. मग दोघं पुन्हा पोहू लागतात. नवीन हौशी माणूस हे पाहून घाबरतो, त्याला वाटतं माशाला झटके येताहेत. तो शरण आल्याचा इशारा आहे आणि त्यावरच जोडी टिकते. अडचण अशी, की दोन वेगळ्या जाती समोरासमोर आल्या की ही भाषा नेहमी चालत नाही. मरून मादीसमोर ओसेलारिस कितीही थरथरला तरी तिला त्याच्याशी जोडी जमवायची नसते. तिच्या दृष्टीने तो फक्त हटवायचा असतो.

आता दुकानदाराचं म्हणणं. त्याच्या टाकीत पाच जातींची पिल्लं एकत्र दिसतात हे खरं आहे, आणि तो खोटं बोलत नाही. पण तिथे मासे दाटीने असतात, सगळे लहान असतात, लपायला दगड नसतात आणि रोज कुणी विकलं जातं, कुणी नवीन येतं. कुणाचीच जागा ठरत नाही, त्यामुळे राखायलाही काही नसतं. तीच पिल्लं घरी येऊन स्थिरावली, चांगलं खाऊ लागली, त्यांच्यातला एक मादी व्हायला लागला की चित्र पालटतं. हे पालटायला कधी काही आठवडे लागतात, कधी दीड-दोन वर्षं. म्हणून ‘माझ्याकडे तर सहा महिने एकत्र आहेत’ हा पुरावा मी फारसा धरत नाही. कसोटी पहिल्या अंडी घालण्याच्या वेळी लागते. जोडी ॲनिमोनच्या पायथ्याशी दगडाचा तुकडा तोंडाने घासून स्वच्छ करू लागली की एरवी गरीब असलेली ओसेलारिस मादीही टाकीत घातलेल्या हाताला चावते. पुढचे सात-आठ दिवस नर अंड्यांना पंखाने वारा घालत बसतो आणि मादी आसपास कुणालाही फिरकू देत नाही. त्या दिवसांत तिथे दुसरा क्लाउनफिश असेल तर त्याची धडगत नसते.

जातींचे स्वभाव सारखे नाहीत, म्हणून तुम्ही विचारलेल्या तिघांबद्दल वेगवेगळं सांगतो.

मरून सर्वांत आक्रमक. मादी सहा इंचांपर्यंत वाढते आणि नर तिच्या निम्म्याएवढाही नसतो. ही जात निसर्गात फक्त बबल टिप ॲनिमोनमध्ये राहते, म्हणजे नेमक्या तुमच्याकडे असलेल्याच ॲनिमोनवर तिचा डोळा असणार. मरूनच्या मादीने स्वतःच्याच जातीचा नर मारून टाकल्याची उदाहरणं या छंदातल्या कुणाकडेही ऐकायला मिळतील. परक्या जातीचं काय होणार ते वेगळं सांगायला नको. तिच्या गालावर डोळ्याखाली एक काटा असतो, त्यावरून तिला ओळखता येतं. हा काटा जाळीत अडकतो आणि सोडवताना मासा जखमी होतो, म्हणून मरून कधी हाताळायचा प्रसंग आलाच तर जाळी न वापरता प्लास्टिकच्या डब्यात घ्यावा.

टोमॅटोही बबल टिपचाच रहिवासी. पूर्ण वाढ पाच इंचांच्या आसपास. पिल्लू असताना त्याच्या अंगावर दोन-तीन पांढरे पट्टे असतात, मोठा झाला की फक्त डोक्यामागचा एक उरतो. त्यामुळे अनेक जण ‘वेगळाच छोटा निमो’ म्हणून तो घेतात आणि वर्षभराने लालभडक, रागीट मासा समोर पाहून चकित होतात. सिनॅमन आणि अंदमानात आढळणारा लाल सॅडलबॅक त्याचेच जवळचे नातेवाईक, तेही याच माळेचे मणी.

क्लार्कीची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि तुमच्या टाकीत तो आधीच आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. क्लाउनफिश ज्यांच्यात राहतात अशा ॲनिमोनच्या दहा जाती आहेत. या दहाही जातींत राहू शकणारा मासा म्हणजे क्लार्की. तो इतरांपेक्षा चांगला पोहतो आणि ॲनिमोनपासून लांबवर फिरतो. या लवचीकपणामुळेच लहानपणी तो कुणाच्याही शेजारी खपून जातो. पण तो झपाट्याने वाढतो आणि साडेपाच-सहा इंचांपर्यंत जातो. तुमची ओसेलारिस मादी साडेतीन-चार इंचांवर थांबेल. आज ती मोठी आहे म्हणून पिल्लू दबून आहे. ज्या दिवशी त्याचा आकार तिच्या बरोबरीला येईल, त्या दिवशी उतरंड उलटेल, आणि ॲनिमोनमधून बाहेर पडेल ती तुमची जोडी. दुकानात ‘सेबी’ म्हणून मिळणारे मासेही बऱ्याचदा क्लार्कीच असतात. खरा सेबी आपल्याकडे मन्नारच्या आखातात सापडतो आणि त्याची शेपटी पिवळी असते.

उरले दोन गट. ओसेलारिस आणि पर्क्युला हे सर्वांत सौम्य. दिसायला इतके सारखे, की पाठीच्या पंखातले काटे मोजावे लागतात: ओसेलारिसला बहुधा अकरा, पर्क्युलाला दहा. हे दोघं एकत्र राहू शकतात. नुसते राहतात असं नाही, एक ओसेलारिस आणि एक पर्क्युला मिळून जोडी बनवतात आणि अंडीही घालतात. तुम्हाला दोन जाती ठेवायच्याच असतील तर सर्वांत सुरक्षित मार्ग हाच, पण त्यातही एकूण मासे दोनच, दोन जोड्या नव्हेत. आणि त्यांची पिल्लं वाढवलीत तर ती संकरित आहेत हे घेणाऱ्याला स्पष्ट सांगा. दुसरा गट स्कंकचा: पाठीवर पांढरी रेघ असलेले गुलाबी, पिवळसर, नारिंगी मासे. लक्षद्वीप-मालदीवचा काळ्या पोटाचा नायग्रिप्सही स्वभावाने यांच्याच जवळचा. हे मवाळ असतात, मात्र मवाळपणामुळेच मिश्र टाकीत मार खातात. स्कंक आणि टोमॅटो ही जोडगोळी म्हणजे स्कंकवर सरळ अन्याय आहे.

‘मग समुद्रात कशा राहतात एकत्र?’ हा प्रश्न रास्त आहे, कारण राहतात हे खरं आहे. पापुआ न्यू गिनीच्या मदांगजवळ नऊ जाती एकाच परिसरात आढळतात. त्यांचा अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे बहुतेक जातींनी आपापले ॲनिमोन वाटून घेतलेत, आणि एकाच प्रकारचा ॲनिमोन वापरणाऱ्यांनी किनाऱ्यापासूनचं अंतर वाटून घेतलंय. कुणी किनाऱ्यालगतच्या खडकावर, कुणी बाहेरच्या. म्हणजे ‘एकत्र’ याचा अर्थ एका सागरी भागात, एका घरात नव्हे. एकाच ॲनिमोनमध्ये दोन जाती राहिल्याचीही उदाहरणं इंडोनेशियापासून ओकिनावापर्यंत आहेत. त्यांत बहुतेक वेळा एक क्लार्की असतो आणि दुसरा स्कंक गटातला. पण ते ॲनिमोन आपल्या बबल टिपसारखे ताटलीएवढे नसतात. काहींचा विस्तार मीटरभरापर्यंत जातो, आणि ज्याला ते जमत नाही तो निघून जातो किंवा मरतो. आपल्याला दिसतात ते टिकलेले.

आणखी एक अभ्यास इथे उपयोगी पडतो. ओकिनावातल्या संशोधकांनी 2024 मध्ये दाखवलं, की ओसेलारिसची पिल्लं समोरच्या माशाच्या अंगावरचे पांढरे पट्टे पाहून तो आपल्यातला की परका हे ठरवतात. स्वतःसारख्या तीन पट्ट्यांच्या नमुन्यावर ती सर्वांत जास्त तुटून पडली, बिनपट्ट्याच्या माशाला त्यांनी फारसा त्रास दिला नाही. यावरून ‘कमी पट्ट्यांचा मासा आणला की प्रश्न मिटला’ असं समजू नका. प्रयोग ओसेलारिसच्या रागाचा होता. समोर टोमॅटो असेल, तर त्याचा राग काय करील हे त्यातून कळत नाही. माझ्या अनुभवात मिश्र टाकीत मार खाणारा बहुतेक वेळा ओसेलारिसच असतो.

टाकी मोठी असेल तर? सात-आठ फूट लांब, हजार लिटरच्या वर, दोन टोकांना दोन ॲनिमोन आणि मधे नजर अडवणारी दगडांची उंच रांग असेल, तर दोन जोड्या राहिल्याचं मी पाहिलंय. त्यातही मवाळ जोडी आधी सोडायची, ती ॲनिमोनमध्ये पक्की बसू द्यायची आणि मग दुसरी आणायची. तरीही एक गोष्ट तुमच्या हातात नसते: ॲनिमोन चालतो. बबल टिपला उजेड किंवा प्रवाह मानवला नाही की रात्रीत जागा सोडतो. शिवाय तो विभागून एकाचे दोन होतो आणि नवा ॲनिमोन भलतीकडे जाऊन बसतो. तुम्ही आखलेली सरहद्द सकाळी मिटलेली असते. म्हणून मोठी टाकी असणाऱ्यालाही मी विचारतो, की भांडण पेटलं तर उचलून ठेवायला दुसरी चालू टाकी घरात आहे का. नसेल तर प्रयोग करू नका.

तुम्हाला हवी आहे ती विविधता, असं मला तुमच्या प्रश्नावरून वाटतं. ती जाती न मिसळताही मिळते. ओसेलारिसमध्येच ऑस्ट्रेलियातल्या डार्विनकडचा काळा-पांढरा प्रकार आहे, स्नोफ्लेक आहे, जवळजवळ संपूर्ण पांढरा प्लॅटिनम आहे. हे सगळे एकाच जातीचे, त्यामुळे एक नारिंगी आणि एक काळा अशी जोडी सहज जमते. तुमची जोडी आधीच जमलेली आहे, तिला मोडू नका. मात्र पुढे दुसरी टाकी लावलीत तर हा मार्ग लक्षात ठेवा. या टाकीत हालचाल आणि रंग हवा असेल तर फायरफिश, बंगाई कार्डिनल, किंवा पिस्तूल कोळंबीबरोबर बिळात राहणारा गोबी आणा. यांतल्या कुणाचंही आयुष्य ॲनिमोनवर अवलंबून नसतं.

मासे घेताना शक्यतो हॅचरीत जन्मलेलेच घ्या. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तमिळनाडूतल्या मंडपमच्या केंद्रात क्लाउनफिशच्या अनेक जातींचं प्रजनन यशस्वी केलंय, आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही क्लाउनफिशची हॅचरी उभी राहिली. समुद्रातून पकडलेल्या माशांबरोबर ब्रुकलिनेला हा परजीवी फार वेळा येतो. अंगावर पांढुरका चिकट थर, जोरजोरात श्वास, खाणं बंद, आणि दोन-तीन दिवसांत मासा हातचा जातो. भांडणाने दमलेल्या माशाला तो आधी गाठतो. नवीन मासा महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवूनच मुख्य टाकीत सोडावा, हे तुमच्या पिल्लाच्या बाबतीत राहून गेलंय, तेव्हा तिन्ही माशांच्या कातडीवर रोज नजर ठेवा. दगडासाठी किंवा शोभेसाठी कुणी समुद्रातलं जिवंत प्रवाळ देऊ केलं तर घेऊ नका. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

पिल्लू हलवेपर्यंत काय पाहायचं? मादीने त्याला एकदा टोचलं, ते थरथरलं आणि दोघं आपापल्या वाटेने गेले, तर चिंता नाही. टाकीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाठलाग होत असेल, पिल्लू वरच्या कोपऱ्यात पाण्याच्या पृष्ठभागालगत उभं राहत असेल, शेपटीची कड करवतीसारखी फाटलेली दिसत असेल, खाणं टाकल्यावर ते पुढे येत नसेल, तर महिना थांबू नका, त्याच रात्री काढा. दगडांची मांडणी बदलणं, आरशाने लक्ष विचलित करणं असले उपाय दोन जातींमधल्या भांडणात दोन-चार दिवसांपलीकडे चालत नाहीत.

दिवसा जाळी घेऊन मागे लागलात तर सगळी टाकी उसपावी लागेल आणि ॲनिमोन दुखावेल. दिवे बंद करून दोन तास जाऊ द्या. पिल्लू रोज कुठे झोपतं ते आधी दोन रात्री पाहून ठेवा. ओसेलारिसच्या जोडीने त्याला ॲनिमोनमध्ये घेतलेलं नसेल, तर ते कोपऱ्यात किंवा पंपाजवळ जवळजवळ एकाच जागी असतं. लाल उजेडाच्या विजेरीने बघत एक पारदर्शक डबा हळूच त्याच्या खाली न्या आणि वर उचला. दुकानदार परत घेत असेल तर उत्तम. नसेल तर तीन फुटांची टाकी लावून त्याला एकट्याला ठेवा, पुढे त्याच्यासाठी लहानसा जोडीदार आणता येईल. समुद्रात मात्र सोडू नका. टाकीतले रोग त्याच्याबरोबर बाहेर जातात, आणि आपल्या किनाऱ्यावर त्याला ॲनिमोन सापडेपर्यंत तो जगणारही नाही.